पीएक्सई सर्व्हर अ‍ॅन्सिबलने उभा करताना: यूईएफआय मशीन अडतात, आणि इन्स्टॉल संपलं की पुन्हा इन्स्टॉल

केबलजंजाळ (प्रश्न)

नेटवर्कवरून ओएस टाकणारा (पीएक्सई) सर्व्हर सध्या हाताने जुळवलेला आहे. चालतो, पण कोणती ओळ कुणी कधी घातली याचा पत्ता नाही. म्हणून कोऱ्या डेबियन १२ वर अ‍ॅन्सिबलचं (मशीन आपोआप जुळवणारं साधन) एक प्लेबुक, म्हणजे कामांची यादी, चालवलं की सगळं तयार, असं करायचं आहे.

मशीन साधारण ४०. निम्मी जुनी, बायॉसवाली (जुन्या पद्धतीचं फर्मवेअर). बाकीची यूईएफआय (नव्या पद्धतीचं), त्यातल्या सहांवर सिक्युअर बूट (सही नसलेला बूटलोडर नाकारणं) चालू. डीएचसीपी (मशीनना आयपी पत्ते वाटणारी सेवा) राउटरवर आहे आणि त्याला हात लावायची परवानगी नाही, त्यामुळे डीएनएसमास्क प्रॉक्सी मोडमध्ये (पत्ता राउटर देतो, हा फक्त बूटची फाइल सांगतो) आणि टीएफटीपीही (फाइल पाठवायचा साधा प्रोटोकॉल) त्याचंच. पुढच्या फाइली एनजिनएक्स वेब सर्व्हरवरून. बहुतेकांवर उबुंटू सर्व्हर २४.०४, थोड्यांवर अल्मालिनक्स ९.

अडचणी अशा:

१. बायॉस मशीन सुरळीत. यूईएफआयपैकी काहींना फाइलच मिळत नाही. काहींवर आयपीएक्सई (नेटवर्कवरून बूट करणारा छोटा प्रोग्रॅम) उतरतं, पण ते स्वतः पुन्हा पत्ता मागतं तेव्हा टाइमआउट होतो.
२. इन्स्टॉल संपून मशीन रीबूट झालं की परत नेटवर्कवरून उठतं आणि पहिले पाढे पंचावन्न.
३. प्लेबुक लागोपाठ दोनदा चालवलं तरी दुसऱ्यांदा पाच-सहा टास्क ‘चेंज्ड’ (काहीतरी बदललं) येतात.
४. ४ जीबी रॅमच्या मशीनवर उबुंटूचं इन्स्टॉल सुरू होण्याआधीच मरतं.

---

बूटलोडरबाबा

पहिल्या अडचणीत दोन वेगळी दुखणी आहेत.

फाइल न मिळणं हे आर्किटेक्चर ओळखण्यातलं. बूट होताना मशीन डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या ऑप्शनमध्ये आपला प्रकार सांगतं: ० म्हणजे बायॉस, ६ म्हणजे ३२ बिट यूईएफआय, ११ म्हणजे ६४ बिट आर्म. गोंधळ ७ आणि ९ चा. आरएफसी ४५७८ मध्ये ९ हा आकडा ६४ बिट एक्स८६ यूईएफआयसाठी छापला गेला, पण प्रत्यक्षात बहुतेक फर्मवेअर ७ पाठवतं. त्यामुळे नियम दोन्हींसाठी लिहा, फाइल तीच द्या. डीएनएसमास्कच्या ‘पीएक्सई-सर्व्हिस’ ओळीत प्रकाराचं नाव न घालता थेट आकडा घाला, म्हणजे कोणतं नाव कोणत्या आकड्याचं हा प्रश्नच येत नाही. फाइलचं नाव एक्स्टेन्शनसकट पूर्ण लिहा. आणि प्रॉक्सी मोडमध्ये ‘डीएचसीपी-बूट’वर विसंबू नका, तिथे ‘पीएक्सई-सर्व्हिस’च हवं. (ऑप्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, फाइलीत अर्थातच मूळ स्पेलिंग.)

राउटरवर कुणी कधीकाळी ६६ आणि ६७ ऑप्शन (बूट सर्व्हर आणि बूट फाइलचं नाव) भरून ठेवले असतील तर ते काढून टाकायला सांगा. राउटर एक फाइल सांगतो आणि प्रॉक्सी दुसरी, मग कोणाचं ऐकायचं हे प्रत्येक फर्मवेअर आपल्या मर्जीने ठरवतं.

आता आयपीएक्सई उतरल्यावरचा टाइमआउट. इथे सर्व्हर बहुधा निर्दोष असतो, स्विच बघा. आयपीएक्सईच्या पूर्ण बिल्डमध्ये त्याचे स्वतःचे ड्रायव्हर असतात. ते कार्ड नव्याने सुरू करतात, लिंक क्षणभर पडते आणि स्विचच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये वर्तुळ होऊ न देणारा प्रोटोकॉल) पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो: १५ सेकंद लिसनिंग, १५ सेकंद लर्निंग. तेवढा वेळ पोर्टमधून काहीच जात नाही आणि आयपीएक्सई तोवर हात टेकतं. उपाय दोन, दोन्ही करा. मशीनकडे जाणाऱ्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट न बघता पोर्ट लगेच उघडणं, चालू करा (काही स्विचवर त्याला एज पोर्ट म्हणतात). आणि पूर्ण बिल्डऐवजी यूईएफआयला ‘एसएनपीओन्ली डॉट ईएफआय’, बायॉसला ‘अनडीआयओन्ली डॉट केपीएक्सई’ द्या. हे फर्मवेअरचाच ड्रायव्हर वापरतात, त्यामुळे कार्ड सहसा पुन्हा रीसेट होत नाही.

आयपीएक्सई स्वतः बिल्ड करा आणि त्यात तीन ओळींची स्क्रिप्ट एम्बेड करा. मेक करताना ‘एम्बेड=’ने फाइल देता येते. स्क्रिप्ट एवढीच: पहिली शेबँगची (‘#!’ने सुरू होणारी) ओळ, दुसरी ‘डीएचसीपी’, तिसरी ‘चेन’ (पुढची फाइल आणून चालवा) आणि पुढे एनजिनएक्सवरच्या मुख्य स्क्रिप्टचा पत्ता. फायदा असा की आयपीएक्सईने दुसऱ्यांदा पत्ता मागितला तेव्हा ‘हा आयपीएक्सई आहे, याला परत आयपीएक्सई देऊ नका’ हा नियम डीएनएसमास्कमध्ये लिहावाच लागत नाही. तो नियम चुकला की आयपीएक्सई आयपीएक्सईलाच ओढत बसतं. तोटा म्हणजे सर्व्हरचा पत्ता बायनरीत गोठतो. पण बिल्ड प्लेबुकमध्येच असेल तर पत्ता बदलल्यावर बिल्ड आपोआप पुन्हा होईल.

मुख्य स्क्रिप्टमधल्या कर्नलच्या ओळीत ‘इनिटआरडी=’ आणि पुढे इनिटआरडी (कर्नलला सुरुवातीला लागणारी तात्पुरती फाइलसिस्टिम) फाइलचं नाव आठवणीने घाला. बायॉसमध्ये नसलं तरी चालतं. यूईएफआयमध्ये आयपीएक्सई किंवा कर्नल जुनं असेल तर ते नसल्यामुळे कर्नलला इनिटआरडी सापडतच नाही आणि रूट माउंट होत नाही म्हणून पॅनिक. दोन्हीकडे घातल्याने काही बिघडत नाही.

सिक्युअर बूटवाली सहा मशीन वेगळी धरा. घरी बिल्ड केलेलं आयपीएक्सई त्यांचं फर्मवेअर उघडणारच नाही. त्यांना उबुंटूचं सही केलेलं शिम (फर्मवेअरला चालणारा पहिला छोटा बूटलोडर) आणि त्याच्या शेजारी सही केलेलं नेटवर्क ग्रब (त्यापुढचा बूटलोडर) द्या. पॅकेजमध्ये ग्रबच्या त्या फाइलचं नाव ‘ग्रबनेटएक्स६४’ असं असतं, पण शिम त्याच डिरेक्टरीत ‘ग्रबएक्स६४ डॉट ईएफआय’ शोधतं. म्हणून कॉपी करताना नाव बदला. उबुंटूचं हे ग्रब टीएफटीपी रूटखालच्या ‘ग्रब’ डिरेक्टरीत ‘ग्रब डॉट सीएफजी’ बघतं. या सहांसाठी सरळ वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) काढून तिथे डीएनएसमास्कलाच पूर्ण डीएचसीपी करू द्या असं माझं मत आहे. किंबहुना जमलं तर चाळीसही तिकडेच न्या. प्रॉक्सी मोड ही तडजोड आहे, सोय नाही.

---

आयडेम्पोटंट

तिसऱ्या अडचणीबद्दल. दुसऱ्या वेळी ‘चेंज्ड’ येण्याचं नेहमीचं कारण पासवर्ड. टेम्प्लेटमध्ये ‘पासवर्ड-हॅश’ फिल्टर सॉल्ट (हॅश काढताना मिसळायची जादा अक्षरं) न देता वापरला की दरवेळी नवं सॉल्ट, नवा हॅश, म्हणून फाइल बदललेली. हॅश एकदाच ‘ओपनएसएसएल पासडब्ल्यूडी’ला वजा ६ देऊन काढा आणि तो हॅशच व्हॉल्टमध्ये (अ‍ॅन्सिबलची एन्क्रिप्ट केलेली फाइल) ठेवा. मात्र लक्षात असू द्या की हॅश असलेली इन्स्टॉलची फाइल साध्या एचटीटीपीवर जाते, म्हणजे त्या नेटवर्कवर बसलेला कुणीही हॅश वाचू शकतो. तेव्हा तो पासवर्ड फक्त इन्स्टॉलपुरता. खरा प्रवेश एसएसएच कीने, आणि पहिल्या कॉन्फिगरेशनमध्येच पासवर्ड बदलून टाका.

दुसरं कारण आयएसओ. ‘गेट-यूआरएल’ला शा२५६ चेकसम द्या. चेकसम जुळला की डाउनलोड होत नाही आणि टास्क हिरवा राहतो. ‘फोर्स’ लावून ठेवलं असेल तर ते दरवेळी आयएसओ नव्याने ओढतं. आयएसओ उलगडून कॉपी करत बसू नका. माउंट मॉड्यूलने लूप आणि रीड-ओन्ली असा एनजिनएक्सच्या डिरेक्टरीखाली माउंट करा, एफएसटॅबमध्ये ओळ जाते आणि रीबूटनंतरही टिकते. कर्नल आणि इनिटआरडी तिथूनच एचटीटीपीने द्या.

टीएफटीपीवरून फक्त आयपीएक्सई किंवा शिम-ग्रब जाऊ दे, मोठं काही नको. मूळ टीएफटीपी ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवतं आणि पोच आल्याशिवाय पुढचा पाठवत नाही. १०० एमबीचं इनिटआरडी म्हणजे २,०४,८०० तुकडे. एका फेरीला १ मिलिसेकंद धरला तरी जवळपास साडेतीन मिनिटं. शिवाय तुकड्यांचा क्रमांक १६ बिटांचा, त्यामुळे ३२ एमबीच्या आसपास तो संपतो आणि पुढे काय करायचं यावर क्लायंट आणि सर्व्हरचं एकमत असेलच असं नाही. ब्लॉकसाइज १४६८ केला तर वेग सुधारतो, पण एचटीटीपी हाताशी असताना ती यातायात कशाला?

फायरवॉलमध्ये यूडीपी ६७, ६९ आणि ४०११ (शेवटचा प्रॉक्सीसाठी), टीसीपी ८०. एवढं उघडूनही टीएफटीपी अडतं, कारण विनंती ६९ वर येते पण उत्तर दुसऱ्याच पोर्टवरून निघतं. डीएनएसमास्कमध्ये ‘टीएफटीपी-सिंगल-पोर्ट’ लावा, मग सगळं ६९ वरूनच चालतं. ‘टीएफटीपी-सिक्युअर’ लावलं असेल तर फाइलींचा मालक डीएनएसमास्क ज्या यूजरने चालतं तोच असायला हवा. अ‍ॅन्सिबल रूटने कॉपी करतं आणि मग फाइल समोर दिसत असूनही मिळत नाही. डीएनएस नको असेल तर ‘पोर्ट=०’.

टेम्प्लेट मॉड्यूलचा ‘व्हॅलिडेट’ वापरत नसाल तर आजच सुरू करा. डीएनएसमास्कसाठी ‘--टेस्ट’, किकस्टार्टसाठी (अल्माच्या इन्स्टॉलरची उत्तरं आधीच लिहिलेली फाइल) ‘केएसव्हॅलिडेटर’, प्रीसीड (डेबियनची तशीच फाइल) असेल तर ‘डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स’ला वजा सी. चुकीची फाइल जागेवर जातच नाही, जुनी चालू राहते. हँडलर (फाइल बदलली की चालणारा टास्क) रीस्टार्ट करायला गेला आणि सेवा पडली, असं होत नाही.

आणि एक बारीक काटा. बऱ्याच जणांना प्रत्येक टेम्प्लेटच्या डोक्यावर ‘अ‍ॅन्सिबल-मॅनेज्ड’ची कॉमेंट टाकायची सवय असते. उबुंटूच्या यूजर-डेटात (उबुंटूच्या इन्स्टॉलरची उत्तरांची फाइल) हे करू नका. त्या फाइलची अगदी पहिली ओळ ‘#क्लाउड-कॉन्फिग’च हवी. वर कॉमेंट आली की ती वाचणारं क्लाउड-इनिट फाइल ओळखत नाही आणि इन्स्टॉलर भाषा कोणती हे विचारत थांबतो. कॉमेंट दुसऱ्या ओळीवर टाका. शेजारी मेटा-डेटा नावाची फाइल रिकामी का होईना असायलाच हवी. कर्नलच्या ओळीत या डिरेक्टरीचा जो पत्ता देता, त्याच्या शेवटी तिरकी रेघ हवी.

---

केबलजंजाळ

स्विचवर पोर्टफास्ट लावून टाइमआउट गेला. ७ आणि ९ दोन्ही घातल्यावर बाकीच्यांनाही फाइल मिळतेय. ‘पासवर्ड-हॅश’ होतंच टेम्प्लेटमध्ये.

आता दुसरी अडचण. मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डचा स्वतःचा क्रमांक) नावाने प्रत्येक मशीनची फाइल ठेवली आणि इन्स्टॉल संपल्यावर ती पुसली तर मशीन पुन्हा इन्स्टॉलला लागत नाही, हे कळतंय. पण पुढच्या वेळी प्लेबुक चालवलं की अ‍ॅन्सिबल ती फाइल परत बनवणार. म्हणजे दोघं एकमेकांचं काम उलटवत बसणार?

---

बूटलोडरबाबा

बरोबर, इथेच घोडं पेंड खातं. एकाच फाइलमध्ये दोन गोष्टी भरल्यात: मशीनवर काय टाकायचं, आणि आत्ता टाकायचं का. पहिली कायमची, ती अ‍ॅन्सिबलची. दुसरी एकदाच वापरून संपणारी, ती अ‍ॅन्सिबलच्या नेहमीच्या प्लेबुकात येताच कामा नये.

मांडणी अशी. यूजर-डेटा आणि किकस्टार्ट प्रत्येक मशीनसाठी कायम पडून राहू द्या. वेगळ्या डिरेक्टरीत परवान्याच्या फाइली: नाव मॅक पत्ता, आत दोन ओळी, कोणत्या ओएसच्या स्क्रिप्टवर जायचं ते. मुख्य आयपीएक्सई स्क्रिप्ट ‘चेन’ करताना नाव ‘मॅक:हेक्सहाइप’ असं व्हेरिएबल देऊन मागते, म्हणजे लहान लिपीत डॅश घातलेला मॅक पत्ता मिळतो. फाइल नसेल तर ‘|| एक्झिट’, म्हणजे आयपीएक्सईतून बाहेर पडा. परवाना नाही म्हणजे इन्स्टॉल नाही. मुळात नकार, मागितलं तरच होकार.

परवाना बनवायला दुसरं छोटं प्लेबुक, ज्याला मशीनचं नाव दिल्याशिवाय ते चालणारच नाही. नाव दिलं नाही की ‘असर्ट’ने पाडा. नाहीतर कुणीतरी मर्यादा न घालता चालवेल आणि चाळीसच्या चाळीस मशीनचा परवाना निघेल.

परवाना पुसायचं काम इन्स्टॉल होणाऱ्या मशीनने शेवटच्या पायरीला करायचं. एनजिनएक्समध्ये डीएव्ही मॉड्यूलने (एचटीटीपीवरून फाइली पुसू देणारं) फक्त त्या डिरेक्टरीवर ‘डिलीट’ उघडा, फक्त इन्स्टॉलच्या सबनेटसाठी, आणि डिरेक्टरीत एनजिनएक्सच्या यूजरला लिहिण्याची परवानगी द्या. उबुंटूत ‘लेट-कमांड्स’मधून, अल्मात ‘%पोस्ट’मधून कर्लने ‘डिलीट’ मारा. पुढेमागे डेबियन आणलंत तर त्याच्या इन्स्टॉलरमध्ये फक्त बिझीबॉक्सचं डब्ल्यूगेट असतं, त्याला ‘डिलीट’ जमत नाही. पॅकेजांच्या यादीत कर्ल घाला आणि ‘इन-टार्गेट’ने चालवा. कुणी खोडसाळपणे परवाना पुसलाच तर फार तर एक इन्स्टॉल होणार नाही. उलट दिशेने चूक झाली तर डिस्क जाते. म्हणून पुसणं खुलं ठेवायला हरकत नाही, लिहिणं मात्र नाही.

‘एक्झिट’चं वागणं फर्मवेअरवर अवलंबून असतं. यूईएफआयमध्ये साधारणपणे बूट यादीतला पुढचा पर्याय घेतला जातो. काही जुनी बायॉस तिथे अडकतात, त्यांच्यासाठी ‘सॅनबूट’ला पहिल्या डिस्कचा क्रमांक ०एक्स८० देऊन उठवा. याहून साधा मार्ग म्हणजे बूट क्रमात डिस्क आधी, नेटवर्क नंतर. कोरी डिस्क उठत नाही, म्हणून मशीन आपोआप नेटवर्कवर येतं. पुन्हा इन्स्टॉल करायचं तेव्हा आयपीएमआय (मशीन दुरून हाताळायची सोय) असलेल्या मशीनला ‘चॅसिस बूटडेव्ह पीएक्सई’ सांगा. तो आदेश पुढच्या एका बूटपुरता असतो. यूईएफआय मशीनला त्यासोबत ‘ऑप्शन्स=ईएफआयबूट’ द्यायला विसरू नका, नाहीतर काही बोर्ड त्या वेळेपुरते बायॉस मोडमध्ये उठतात आणि इन्स्टॉल भलत्याच पद्धतीचं होतं.

डिस्कचं नाव एसडीए असं गृहीत धरू नका. यूएसबी स्टिक लावलेली असली की क्रम सरकतो. उबुंटूच्या स्टोरेज लेआउटमध्ये ‘मॅच’ने सीरियल किंवा सगळ्यात मोठी डिस्क असं सांगा, किकस्टार्टमध्ये ‘इग्नोरडिस्क --ओन्ली-यूज’ला ‘बाय-आयडी’चा मार्ग द्या. उबुंटूच्या एलव्हीएम लेआउटमध्ये ‘सायझिंग-पॉलिसी: ऑल’ही घाला. मुळातली ‘स्केल्ड’ पॉलिसी २०० जीबीहून मोठ्या डिस्कवर रूटला १०० जीबीच देते, आणि ते डिस्क भरल्यावरच कळतं.

---

पॅकेट_पाहा

चौथी अडचण राहिली. उबुंटूचा सर्व्हर इन्स्टॉलर ‘यूआरएल=’ने दिलेला आख्खा आयएसओ रॅममध्ये उतरवतो. आयएसओ अडीच जीबीच्या पुढे, त्यात इन्स्टॉलर चालायलाही जागा हवी, म्हणून ४ जीबीत घुसमट होते. त्यात भर म्हणजे कर्नलच्या ओळीतला तोच ‘यूआरएल=’ क्लाउड-इनिटही स्वतःसाठी समजतो आणि आयएसओ आणखी एकदा ओढायला जातो. ‘क्लाउड-कॉन्फिग-यूआरएल=’ पुढे डेव्ह-नलचा मार्ग दिला की दुसरं ओढणं थांबतं. हे घालून ४ जीबीत जमतं का बघा, नाही जमलं तर त्या मशीनवर इन्स्टॉलपुरती रॅम वाढवणं किंवा त्यांना डेबियनचा नेटबूट इन्स्टॉलर देणं हेच पर्याय. डेबियनकडे गेलात तर नेटबूटचं कर्नल अधूनमधून ताजं करत जा. मिररवर कर्नल पुढे गेलं की जुन्या नेटबूटला त्याचे मॉड्यूल सापडत नाहीत, आणि नेमकी तीच तक्रार करून इन्स्टॉलर थांबतो.

सिक्युअर बूटवाल्या सहांच्या ग्रबमध्ये एक सापळा आहे. यूजर-डेटा कुठे आहे ते सांगणाऱ्या ‘डीएस=नोक्लाउड-नेट’नंतर अर्धविराम येतो. आयपीएक्सईला त्याचं काही नाही, पण ग्रब तिथे आज्ञा संपली असं समजतं. कर्नल उठतं, मागचं सगळं गळतं आणि इन्स्टॉलर प्रश्न विचारत बसतो. तो आख्खा शब्द अवतरणात घाला. ‘ऑटोइन्स्टॉल’ हा शब्दही त्या ओळीत स्वतंत्र हवा. तो नसला तर यूजर-डेटा बरोबर वाचूनही डिस्क पुसण्याआधी ‘हो की नाही’ विचारत थांबतो.

चाचणी व्हर्च्युअल मशीनवर करणार असाल तर एक फसवणूक टाळा. क्यूईएमयूच्या बायॉस मशीनमधला नेटवर्क रॉम मुळात आयपीएक्सईच आहे. आयपीएक्सईसाठी वेगळा नियम डीएनएसमास्कमध्ये असेल तर ते मशीन पहिल्याच विनंतीत ‘मी आयपीएक्सई’ म्हणतं आणि थेट पुढच्या पायरीवर उडी मारतं. तुमची टीएफटीपीची पायरी तपासली गेलीच नाही, हे खऱ्या मशीनवर गेल्यावर कळतं. बूटलोडरबाबांच्या एम्बेड पद्धतीत नियमच नसल्याने हा धोका कमी. तरी एक मशीन ओव्हीएमएफवर, म्हणजे यूईएफआयमध्ये, चालवा. लिबव्हर्टचं डिफॉल्ट नेटवर्क वापरू नका, त्याचं स्वतःचं डीएचसीपी चालू असतं. डीएचसीपी नसलेलं वेगळं बंद नेटवर्क काढा आणि त्यात राउटरची भूमिका करायला एक साधं डीएचसीपी ठेवा, तरच प्रॉक्सीची खरी परीक्षा होते.

अडलं की अंदाज बांधू नका. सर्व्हरवर टीसीपीडम्प लावून ६७, ६८, ६९ आणि ४०११ हे पोर्ट बघा, डीएनएसमास्कमध्ये ‘लॉग-डीएचसीपी’ चालू करा, आणि दुसऱ्या खिडकीत एनजिनएक्सचा अ‍ॅक्सेस लॉग. क्रम असा दिसायला हवा: डिस्कव्हर, राउटरची ऑफर, प्रॉक्सीची ऑफर, टीएफटीपीने एक फाइल, मग एचटीटीपीवर मुख्य स्क्रिप्ट, परवाना, कर्नल, इनिटआरडी, आयएसओ, मेटा-डेटा आणि यूजर-डेटा (या दोघांचा क्रम मागेपुढे होऊ शकतो), शेवटी ‘डिलीट’. साखळी जिथे तुटते त्याच्या आधीची कडी बघायची. पडद्यावर ई५१ म्हणजे कुणाचीच ऑफर आली नाही: स्विच, व्हीलॅन किंवा रिले (डीएचसीपीची विनंती दुसऱ्या नेटवर्कला पोचवणारा) बघा. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला पण फाइलचं नाव नाही, म्हणजे प्रॉक्सीचं उत्तर पोहोचत नाही किंवा आर्किटेक्चर जुळत नाही. ई३२ म्हणजे नाव मिळालं, टीएफटीपीकडून उत्तर नाही, म्हणजे फायरवॉल.

मशीन दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असतील तर रिलेवर राउटरच्या डीएचसीपीसोबत या सर्व्हरचाही पत्ता घालावा लागतो. ब्रॉडकास्ट व्हीलॅन ओलांडत नाही. प्लेबुकात हे येत नाही, स्विचवाल्याला सांगूनच करून घ्यावं लागतं.